जुना रंगीत दूरचित्रवाणी संच : दुरुस्तीवरची दुरुस्ती

प्रसारणाच्या इतिहासात म्हैसूर शहराचे नाव फार लवकर येते. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ होण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. दूरचित्रवाणी मात्र या भागात बऱ्याच उशिरा पोहोचली. दिल्लीत १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये तिचा आरंभ झाला. बंगळूरचे केंद्र सुरू झाले ते १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर जेमतेम वर्षाच्या आत, १९८२ च्या ऑगस्टपासून, देशात रंगीत प्रसारण सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा लोकांनी रंगांत पाहिल्या. याचा अर्थ असा की, म्हैसूरसारख्या शहरातील पुष्कळ घरांना कृष्णधवल आणि रंगीत चित्रांची ओळख जवळजवळ एकाच वेळी झाली.

त्या पहिल्या काही वर्षांत घेतलेले रंगीत संच आज कोठे कोठे माळ्यावर, अडगळीच्या खोलीत किंवा एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या फळीवर सापडतात. लाकडी किंवा लाकडासारखी दिसणारी पेटी, पुढे सरकते दार, बाजूला आठ-दहा कळा आणि मागे दोन माणसांनी उचलावे असे वजन. असा संच पुन्हा चालू करावा अशी इच्छा घरातील एखाद्याला होते आणि तो मागचे झाकण उघडतो. तेथे त्याला जे दिसते ते बहुधा केवळ जुनेपण नसते. त्या जुनेपणावर चार-पाच निरनिराळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्यांचे थर चढलेले असतात. जुनेपणावर इलाज करणे तुलनेने सोपे असते, कारण काळ सर्व संचांवर सारख्याच रीतीने काम करतो. मागील हातांनी केलेले काम ओळखणे हा या विद्येतील अवघड भाग होय, आणि प्रस्तुत प्रकरणात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

वाईट दुरुस्त्या का झाल्या?

जुन्या मेकॅनिकांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९८२ नंतर भारतात विकले गेलेले अनेक रंगीत संच परदेशांतून आयात केलेल्या सुट्या भागांची येथे जोडणी करून तयार होत असत. पेटीवर भारतीय नाव असे, पण आतील मंडल कोणाचे जर्मन, कोणाचे जपानी, तर कोणाचे कोरियन पद्धतीचे असे. एकाच नावाच्या दोन संचांत दोन वेगळी मंडले निघणे अशक्य नव्हते. त्यांच्या मंडल-आकृत्या गावातील दुकानापर्यंत क्वचितच पोहोचत. नेमका भाग मिळाला नाही तर बंगळूरच्या एस. पी. रोडवरील बाजार गाठावा लागे. तेथेही जे मिळेल ते घेऊन परत यावे लागे. इकडे घरचे लोक रविवारच्या चित्रपटापूर्वी संच सुरू झालाच पाहिजे म्हणून दुकानात बसून राहत. अशा घाईत जवळ असलेला कंडेन्सर बसवला गेला, फ्यूजच्या जागी तांब्याची तार आली, आणि ‘तात्पुरते’ म्हणून केलेले काम पुढे वीस वर्षे तसेच राहिले.

वीजपुरवठ्याचाही यात वाटा आहे. संध्याकाळी दाब उतरायचा, चित्र आकसायचे. रात्री उशिरा दाब एकाएकी चढायचा. संचाशेजारी स्टॅबिलायझर ठेवण्याची पद्धत पडली ती यामुळेच. तरीही पुष्कळ संचांच्या आतील दाब नियंत्रित करणारी मंडले या चढउतारांनी दमून गेली.

हात घालण्यापूर्वी

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे, आणि तो केवळ उपचार म्हणून दिलेला नाही. रंगीत चित्रनळीच्या बाजूला जी रबरी टोपी दिसते तिच्याखाली सुमारे २५,००० व्होल्टपर्यंतचा दाब असतो. नळीची काच आणि तिच्या आतबाहेरचे काळे विद्युत्‌वाहक लेप मिळून एक मोठा कंडेन्सरच बनतो. संच बंद करून पुष्कळ वेळ लोटल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो उतरवायचा तर नळीच्या बाहेरील लेपावर ताणून बसवलेल्या उघड्या तारेशी जोडलेल्या, चांगल्या आवरणाच्या साधनानेच. मंडलाच्या कोणत्याही धातूच्या तुकड्याशी जोडून तो उतरवल्यास नाजूक संकलित मंडले जळतात. नळीची मान ही तिची सर्वांत दुबळी जागा. मानेला धरून नळी कधीही उचलू नये. शिवाय या काळातील बऱ्याच संचांत सांगाड्याचा काही भाग सरळ विजेच्या मुख्य तारेशी जोडलेला असतो, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरखेरीज चालू संचावर मोजमाप करू नये. ज्याला ही कामे नवी आहेत त्याने निदान पहिल्या संचाच्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवावे.

चित्रनळीबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बाकीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज या ना त्या रूपात मिळू शकतो; चित्रनळी मात्र आता कोणी बनवत नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये आर. सी. ए. कंपनीने विकलेल्या सीटी-१०० या पहिल्या रंगीत संचांपैकी एकाची किंमत हजार डॉलर होती. त्याची पंधरा इंची नळी धातू आणि काच यांच्या सांध्यातून हवा आत घेते, आणि हवा शिरलेल्या नळीवर साधा इलाज नाही. त्यामुळे आज त्या संचांच्या संग्राहकांचा पहिला प्रश्न ‘नळी जिवंत आहे का?’ हाच असतो. म्हैसूरच्या माळ्यावरील संचाच्या बाबतीतही तोच प्रश्न पहिला ठरतो. पुढची प्रत्येक कृती नळीला जपून करावयाची, हे एकदा ठरले की पुष्कळ मोह आपोआप टळतात. त्यांपैकी सर्वांत मोठा मोह म्हणजे आणलेला संच लगेच प्लगला लावून ‘काय होते ते पाहणे’.

थर वाचणे

आता एक संच डोळ्यांसमोर आणू. समजा, तो १९८४ चा, ५१ सेंटिमीटरचा आहे. शेवटी चालू होता तेव्हा त्यात चार दोष दिसत होते, असे घरचे सांगतात : चित्र दोन्ही बाजूंनी आकसलेले, पडद्यावर तिरप्या पांढऱ्या रेषा, एका कोपऱ्यात जांभळट डाग, आणि रंगीत भागांवर आडव्या बारीक पट्ट्या. वरवर पाहता हे चार आजार आहेत. प्रत्यक्षात त्यांचे मूळ बहुधा एक-दोन ठिकाणीच असते, आणि बाकीचे दोष म्हणजे मागील इलाजांनी मागे ठेवलेल्या खुणा असतात.

झाकण उघडल्यावर प्रथम काहीही न सोडवता सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मग मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि ती काढतानाच पाहत जावे. कारखान्यातील कथिलाचे डाग सारख्या आकाराचे, चकचकीत आणि नीटस असतात. हाताने दिलेले डाग फुगीर, मंद, भोवती तपकिरी राळ साचलेले असतात. ज्या ज्या ठिकाणी असा डाग दिसेल तेथे कोणीतरी येऊन गेले आहे. भागांवर छापलेली निर्मितीची तारीखही बोलकी असते : १९८४ च्या संचात १९९१ चा कंडेन्सर दिसला की एका भेटीचा काळ कळतो. काही मेकॅनिक पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने तारीख आणि दिलेला भाग लिहून ठेवत. अशी नोंद सापडली तर ती पुसू नये. आकृती नसलेल्या संचात तिच्याइतका विश्वासू साक्षीदार मिळत नाही. कॉइलच्या गाभ्यांवर आणि नळीच्या मानेवरील कड्यांवर कारखान्यात रंगाचा किंवा मेणाचा थेंब लावलेला असतो. तो फुटलेला असेल तर ती जागा कोणीतरी फिरवली आहे, हे निश्चित.

आपल्या कल्पित संचात असे वाचन केल्यावर पुढील इतिहास उभा राहतो. मूळ दोष साधा होता : वीजपुरवठ्याच्या मंडलातील एक विद्युत्‌अपघटनी कंडेन्सर उष्ण रोधाला खेटून बसवलेला असल्यामुळे सुकला. त्यामुळे मुख्य पुरवठ्याचा दाब उतरला आणि चित्र आकसले. पहिल्या मेकॅनिकने कंडेन्सर न शोधता दाब ठरवणारी लहान चकती फिरवून दाब वाढवला. चित्र रुंद झाले, गिऱ्हाईक समाधानाने घरी गेले. पण सुकणारा कंडेन्सर सुकतच राहिला, पुरवठा अस्थिर झाला आणि आडव्या क्रमवीक्षणाचा मोठा ट्रान्झिस्टर, त्या काळच्या संचांत सर्रास आढळणारा बीयू २०८, उडाला. तो बदलला, पुन्हा उडाला. दुसऱ्या मेकॅनिकने ट्रान्झिस्टरबरोबरच त्याच्या शेजारचा उच्च दाबाचा लहान कंडेन्सरही बदलला, पण जो हाताशी होता तो मूल्याने कमी होता. फ्यूज वारंवार जाऊ नये म्हणून त्याने जाड फ्यूज घातला.

या दुसऱ्या इलाजापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सर्वांत घातक चूक येथे आहे. तो लहान कंडेन्सर एरवी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण झोत उजव्या कडेवरून डाव्या कडेला परत नेण्याचा वेळ तोच ठरवतो. त्याचे मूल्य कमी झाले की परतीचा स्पंद अरुंद आणि उंच होतो, आणि त्या स्पंदापासूनच ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर नळीचा उच्च दाब निर्माण करत असल्यामुळे तो दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो. परिणाम तीन : मंडलात ठिणग्या पडू लागतात, नळीतून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांचे प्रमाण वाढते, आणि झोत अधिक वेगवान, म्हणून अधिक ताठ झाल्यामुळे चित्र उलट आकसू लागते. आकसलेले चित्र पाहून तिसरा मेकॅनिक पुन्हा तीच चकती फिरवतो. अशा रीतीने इलाजच रोग वाढवत जातो. म्हणून जुन्या संचात हा कंडेन्सर कोणी बदललेला दिसला, तर त्याचे मूल्य आणि सहन करण्याचा दाब मूळ आकृतीशी किंवा त्याच मंडलाच्या दुसऱ्या संचाशी ताडून पाहिल्याशिवाय वीज देऊ नये. नेमक्या मूल्याचा, याच कामासाठी बनवलेला भाग मिळेपर्यंत संच महिनाभर पडून राहिला तरी हरकत नाही.

उरलेले थर आता लवकर उलगडतात. नळी मंद झाल्यावर कोणीतरी तिच्या हीटरच्या मार्गातील रोध काढून टाकला, म्हणजे ६.३ व्होल्टऐवजी अधिक दाब दिला; काही दिवस चित्र उजळले, पण नळीचे आयुष्य तेवढ्यानेच घटले. त्यानंतर स्क्रीनचा दाब वाढवला गेला. पडद्यावरील तिरप्या पांढऱ्या रेषा त्याच्याच : झोताच्या परतीच्या ज्या वाटा एरवी झाकलेल्या असतात त्या उघड्या पडल्या. जांभळट डागाची कथा वेगळी आहे. रंगीत नळीच्या आतील जाळी पोलादाची असते आणि पृथ्वीच्या किंवा शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या चुंबकत्वाने ती हळूहळू चुंबकित होते. संच सुरू करताना नळीभोवतीच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा प्रवाह जाऊन ते चुंबकत्व पुसले जाते. या प्रवाहाला लगेच आवर घालणारा भाग म्हणजे पॉझिस्टर. तो बिघडून फ्यूज उडवू लागला, तेव्हा तो काढूनच टाकण्यात आला. डाग दिसू लागल्यावर कोणी मानेवरील कडी फिरवून तो घालवण्याचा प्रयत्न केला, आणि एका कोपऱ्यासाठी साऱ्या पडद्याची शुद्धता बिघडवली.

आडव्या पट्ट्यांना ‘हॅनोव्हर पट्टे’ म्हणतात. आपल्याकडे स्वीकारलेली पाल ही रंगपद्धती वाल्टर ब्रूख या जर्मन अभियंत्याने हॅनोव्हर येथील टेलिफुंकेनच्या प्रयोगशाळेत विकसित केली. तीत एका ओळीचा रंगसंकेत ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे एका ओळीइतका काळ, काचेच्या एका लहान तुकड्यातून ध्वनिलहरींच्या रूपाने फिरवून पुढील ओळीत मिसळला जातो, म्हणजे दोन ओळींतील रंगाच्या चुका एकमेकींना खोडतात. मिसळण्याचे हे प्रमाण ठरवणारा स्क्रू फिरवला गेला की चुका खोडल्या जात नाहीत, ओळीआड दिसू लागतात. येथे बिघाड झालेलाच नव्हता. केवळ पेचकस पोहोचला होता.

उलट क्रमाने

दुरुस्तीची सर्व कामे एकाच बैठकीत करू नयेत. एक बदल, एक मोजमाप, एक नोंद, असाच क्रम ठेवावा. सरसकट सगळे जुने कंडेन्सर काढून नवे घालण्याची एक पद्धत रूढ आहे. तिने वेळ वाचतो हे खरे. पण ज्या संचात आधीच चार जणांच्या चुका मिसळल्या आहेत तेथे पन्नास नवे डाग देणे म्हणजे पाचव्याच्या चुका त्यांत मिसळण्याची सोय करणे होय. शिवाय मागील प्रत्येक काम वाईटच असते असे नाही. एखाद्या ट्रान्झिस्टरला कोणी मोठी, नीट बसवलेली उष्णतावाहक पट्टी दिली असेल आणि तो त्यामुळे तीस वर्षे टिकला असेल, तर ती पट्टी मूळची नाही एवढ्याच कारणाने काढण्यात शहाणपण नाही.

प्रथम फ्यूज योग्य मूल्याचा करावा. मग वीजपुरवठ्याचे मंडल एकटे तपासावे. क्रमवीक्षणाचा टप्पा त्यापासून सोडवून त्याच्या जागी साठ वॅटचा साधा दिवा भार म्हणून जोडावा आणि मुख्य तारेत मेकॅनिकांचा नेहमीचा सिरीज बोर्ड ठेवावा. सिरीज बोर्डावरील दिवा भडकून तसाच राहिला तर पुढे कोठेतरी तार जुळली आहे, आणि फ्यूजऐवजी दिव्याने ते सांगितले. मात्र चुंबकत्व पुसणाऱ्या वेटोळ्याचा प्लग यावेळी काढून ठेवावा. नाहीतर त्याच्या प्रारंभीच्या मोठ्या प्रवाहाने दिवा उगाच भडकून दिशाभूल होते. सुकलेला कंडेन्सर बदलल्यावर, फिरवलेली चकती परत आणून पुरवठ्याचा दाब आकृतीत दिला आहे तेवढाच ठेवावा. या आकाराच्या पुष्कळ संचांत तो शंभर ते सव्वाशे व्होल्टच्या दरम्यान असतो, पण ‘पुष्कळ संचांत’ या शब्दांवर विसंबून दाब लावणे हीच मागील मेकॅनिकांची रीत होती. आकडा त्याच मंडलाचा हवा.

त्यानंतर ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर, त्याला चालवणारा लहान ट्रान्सफॉर्मर आणि नळीच्या मानेवरील वेटोळ्याचा सॉकेट यांच्या खालचे डाग भिंगातून पाहावेत. संच तापतो आणि निवतो, तसे हे जड भाग रोज किंचित हलतात, आणि त्यांच्या पायांभोवती केसाएवढी गोल भेग पडते. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. जुन्या डागावर नुसते कथील चढवले तर भेग आत तशीच राहते; जुने कथील पूर्ण काढून, पाय घासून, नवे द्यावे. मग योग्य मूल्याचा उच्च दाबाचा कंडेन्सर बसवून क्रमवीक्षणाचा टप्पा परत जोडावा आणि खास प्रोब वापरून नळीचा दाब मोजावा. हीटरचा काढलेला रोध परत बसवावा. हीटरला होणारा पुरवठा बहुधा ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरमधून सेकंदाला १५,६२५ स्पंदांच्या वेगाने येत असल्यामुळे साधा मल्टिमीटर तेथे खोटा आकडा दाखवतो, हे विसरू नये. रोध परत बसवल्यावर चित्र पूर्वीपेक्षा मंद दिसेल. ही मंदता नळीचे खरे वय सांगते, आणि ती पत्करावी.

पॉझिस्टर नवा घालून, संच थंड असताना दोन-चार वेळा सुरू केल्यावर पुष्कळदा कोपऱ्यातील डाग निम्मा होतो. उरलेल्यासाठी हातातील विचुंबक वेटोळे पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू दूर न्यावे. एवढे झाल्यावरही डाग राहिला तरच मानेवरील कड्यांना हात लावावा, आणि तत्पूर्वी त्यांची सध्याची जागा बारीक कुंच्याने खुणावून ठेवावी. फुटलेल्या रंगाचे दोन्ही अर्धे थेंब समोरासमोर आणले की कडी कारखान्याने ठेवलेल्या जागेवर जवळजवळ परत येते. हा साधा उपाय अनेकांना सुचत नाही.

आता संचाला दाखवायचे काय, हा प्रश्न उरतो. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरील प्रक्षेपणे २०२१ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाली. छपरावरच्या अँटेनाला आता पकडण्यासारखे फारसे काही राहिलेले नाही. या संचांना चित्रसंकेत सरळ घेणारी खाचही बहुधा नसते. म्हणून जुन्या डीव्हीडी प्लेअरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा संकेत लहान मॉड्युलेटरमधून अँटेनाच्या खाचेत द्यावा लागतो. पहिले चित्र मात्र रंगीत घेऊ नये. रंगाचे बटण शून्यावर आणून करड्या पायऱ्यांचे कृष्णधवल चित्र लावावे. स्क्रीनचा दाब तिरप्या रेषा नाहीशा होईपर्यंत उतरवावा. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्याही पायरीवर लाल, हिरवी किंवा निळी झाक राहणार नाही अशा रीतीने तिन्ही झोतांचा तोल साधावा. रंगीत संचाची खरी परीक्षा कृष्णधवल चित्रावरच होते. तेथे तोल चुकला असेल तर पुढे माणसाच्या चेहऱ्याचा रंग कोणत्याही बटणाने सुधारत नाही. हॅनोव्हर पट्टे घालवणारा स्क्रू सर्वांत शेवटी, रंगपट्ट्यांचे चित्र लावून, अगदी थोडा थोडा फिरवावा.

संच तीन-चार तास सलग चालू ठेवून, मधून मधून पुरवठ्याचा दाब पुन्हा मोजावा. तापल्यावर तो सरकत असेल तर वीजपुरवठ्याचे काम संपलेले नाही. सरकत नसेल तर मागचे झाकण लावण्यापूर्वी एका जाड कागदावर, कोणते भाग बदलले, कोणती जुनी दुरुस्ती तशीच ठेवली, थंड आणि तापलेल्या अवस्थेत कोणते दाब मिळाले हे तारखेसह लिहून तो कागद पेटीच्या आत, उष्ण भागांपासून दूर, पेन्सिलीच्या त्या जुन्या नोंदीशेजारी चिकटवावा.